ओल्या बाळंतिणीला फोनवरून साथ: गावाकडच्या आयांना अंगावर पाजताना मदत कशी करायची

इंदूरच्या मराठी महिला मंडळांत निवृत्त नर्सबाई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, मुलं पुण्या-बंगळुरूला गेल्यामुळे दुपारी मोकळ्या असलेल्या काकू अशी मंडळी भरपूर असतात. सांवेर, देपालपूर, महू, मानपूर या बाजूचं एखादं गाव मंडळाने धरलेलं असतं. वर्षातून एकदा शिबिर होतं, गर्भवतींना डिंकाचे लाडू आणि टोपरी-दुपटी दिली जातात, फोटो निघतात, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत सामसूम. बाळंतिणीला माणूस लागतं ते बाळ तिसऱ्या-चौथ्या रात्री रडायचं थांबत नाही आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच नाही’, तेव्हा. त्या वेळी गावात पोचणं शक्य नसतं, फोन मात्र लागू शकतो. हा फोन कोणाला करायचा, कधी करायचा, त्यावर काय विचारायचं आणि कुठे थांबून आशा दीदीला पुढे करायचं, एवढंच इथे सांगते.

आधी अपेक्षा नीट बांधून घ्या. नागपूरच्या रुग्णालयांत गर्भवतींची नोंद करून झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक समुपदेशनाचा फोन आणि रोज एक मेसेज मिळालेल्या आयांमध्ये सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावण्यात मात्र फोनचा असा फायदा दिसला नाही. यात नवल काही नाही. पहिला तास लेबर रूमचा असतो, तिथे बाईच्या हातात फोन नसतो आणि तिचं ऐकायलाही कोणाला वेळ नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसतं. सहा महिन्यांच्या आतल्या 63.7 टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं, पण पहिल्या तासात पाजलेली बाळं 41.8 टक्केच. तेव्हा फोनची ताकद नंतरच्या आठवड्यांत आहे, तीही एकच बाई पुन्हा पुन्हा फोन करते म्हणून.

1. नंबर कोणाचा आणि फोन कोणाच्या खिशात

यादीत ‘मोबाइल नंबर’ असा रकाना असतो, त्यात दहा आकडे असतात आणि आपण खूश होतो. त्याच सर्वेक्षणानुसार देशात स्वतःचा म्हणून वापरायचा मोबाइल असलेल्या बायका 54 टक्के होत्या, खेड्यांत त्याहून कमी, आणि मध्य प्रदेशात तर चाळीस टक्क्यांच्याही आत. म्हणजे तुमच्या यादीतले निम्म्याहून जास्त नंबर नवऱ्याचे, दिराचे किंवा सासऱ्यांचे असणार. नवरा पीथमपूरला कारखान्यात शिफ्टला गेला की फोनही त्याच्याबरोबर पीथमपूरला.

म्हणून नंबर घेताना चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहा. फोन कोणाचा आहे. तो दिवसा घरी असतो की रात्री. बटनवाला आहे की व्हॉट्सअ‍ॅप चालतं. आणि माहेरचा नंबर काय. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. माळव्यात पहिलं बाळंतपण बऱ्याचदा पीहरला होतं. सून आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि आपण सासरी फोन करत बसतो.

जाऊ किंवा नणंद यांच्यापैकी कोणाकडे स्वतःचा फोन असेल तर तो नंबरही घ्या. तरण्या जावेइतकी कामाची मैत्रीण दुसरी मिळणार नाही. तिने नुकतंच स्वतःचं मूल पाजलेलं असतं आणि फोन घेऊन ती आतल्या खोलीत जाऊ शकते.

अनोळखी नंबरवरून बाई बोलते आहे, आपल्या सुनेची चौकशी करते आहे, म्हटल्यावर आजकाल घरचे सावध होतात, आणि झालंच पाहिजे. पहिली ओळख फोनवर करून देऊ नका. ती आशा दीदीबरोबर, समोरासमोर, शिबिराच्या दिवशी व्हावी. तिथेच घरच्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर नावाने सेव्ह करून द्या. आधार नंबर, बँकेचं खातं, ओटीपी यांतलं काहीही कधीही विचारायचं नाही, सरकारी योजनेचं काम असलं तरी. ‘आमच्यापैकी कोणी हे विचारणार नाही, विचारलं तर फोन ठेवून द्या’ हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. ‘नंबर लागत नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. अशा वेळी आशा दीदीला विचारा, दुसरं सिम चालू असतं.

2. सातव्या महिन्यापासून बोलायला लागा

बाळ झाल्यावर पहिला फोन केलात तर उशीर झाला. सातव्यात एक आणि नवव्यात एक असे दोन फोन तरी व्हायला हवेत, आणि त्यातला एक सासूबाईंशी.

सुनेशी बोलताना विषय एकच: बाळ बाहेर आल्यावर पहिल्या तासात त्याला छातीशी लावायचं. ती लेबर रूममध्ये एकटी असते, तिला मोठं भाषण आठवणार नाही. एक वाक्य पाठ करून घ्या: ‘दीदी, बच्चा मेरी छाती पे रख दो.’ सिझेरियन झालं तरी शुद्धीवर असलेल्या आईला कोणी बाळ धरून दिलं तर पाजता येतं. हे सासूला सांगून ठेवा, कारण धरून देणारी तीच असणार.

सासूबाईंशी चीक या विषयावर बोला. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते घट्ट पिवळं दूध पिळून टाकायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. गाईच्या चिकाचा खरवस आपण इतका आवडीने खातो की सासूबाईंना पटवायला तोच धागा पुरतो: वासराला चीक पाजला नाही तर ते अशक्त राहतं हे गावातल्या कोणत्याही म्हातारीला सांगावं लागत नाही. मध, गुळाचं पाणी, जन्मघुट्टी यांबद्दल मात्र स्पष्ट बोला. मधात अशा जंतूंची बीजं असू शकतात जी वर्षाच्या आतल्या बाळाला झेपत नाहीत. पूजेत मध ठेवायला हरकत नाही, तो बाळाच्या तोंडात जाऊ नये.

काही घरांत नणंद येऊन स्तन धुते, तिला नेग म्हणजे मानाची भेट मिळते आणि मगच बाळाला पाजतात. या रीतीशी भांडू नका. नणंदेलाच दवाखान्यात घेऊन जायला सांगा, किंवा विधी घरी आल्यावर करा म्हणावं. नेग काही पळून जात नाही.

याच काळात किलकारीची नोंद झाली आहे का तेही विचारा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला फोन येतो. आशा किंवा एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सबाई) यांच्याकडे नोंद होताना दिलेल्या नंबरवरच तो जातो, म्हणजे पुन्हा प्रश्न तोच: नंबर कोणाचा दिला होता? शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज सांगू शकतो, पण ‘मग काल रात्री किती वेळा उठलीस?’ असं विचारू शकत नाही. ते तुमचं काम.

3. फोनचं वेळापत्रक

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा दीदी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तुमचे फोन या दिवसांच्या मध्ये बसवा. दुसरा दिवस, पाचवा, दहावा, मग सहा आठवड्यांपर्यंत आठवड्याला एक आणि पुढे बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पंधरवड्याला एक. पाचव्या दिवसाचा फोन काहीही झालं तरी चुकवू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान दूध उतरतं, स्तन भरून येतात, दुखतात, बाळाला पकडता येत नाही, ते रडतं आणि वरच्या दुधाची बाटली याच सुमारास घरात शिरते.

जन्मतः अडीच किलोच्या आतलं किंवा दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ असेल तर या वेळापत्रकावर विसंबू नका. अशी बाळं भूक लागली तरी नीट रडत नाहीत, झोपून राहतात. त्यांना दर दोन तासांनी उठवून पाजावं लागतं आणि आईच्या उघड्या छातीशी ऊब द्यावी लागते. आशाच्या भेटी वाढवायला सांगा आणि फोन रोज करा.

4. फोनवर आधी विचारायचं, मग सांगायचं

पहिला प्रश्न बाळाचा नको, आईचा असू द्या. जेवलीस का, झोप झाली का. दुसरा प्रश्न: ‘फोन स्पीकर पर है?’ हा दर वेळी विचारायचा. स्पीकरवर असला तर सुनेला जे बोलता येत नाही ते आपण हो-नाहीच्या प्रश्नांत बसवायचं.

देपालपूरकडच्या एका घरी फोन केला होता, बाळ पाच दिवसांचं. सून नुसतं ‘जी, जी’ करत होती. ‘माँजी पास बैठी हैं?’ ‘जी.’ ‘पिलाते टाइम दुखता है?’ ‘जी.’ ‘एक तरफ ज्यादा?’ ‘जी.’ ‘उस तरफ से पिलाना बंद कर दिया?’ यावर ती थांबली आणि मग हळूच ‘जी’ आलं. म्हटलं, माँजींना दे बेटा. माँजींनी घेतल्या घेतल्या सुनावलं, ‘पाँच पाले हैं मैंने, इसको दूध ही कम है.’ ‘पाँच पाले हैं तो आपसे अच्छा इसको कौन बिठाएगा,’ मी म्हटलं. ‘इसकी पीठ दीवार से टिका दो, गोद में तकिया रखो, और बच्चे को जरा ऊपर उठा के लगाओ, मैं फोन पर ही हूँ.’ पलीकडे उशी शोधायची खुडबुड, कोणावर तरी ओरडणं, मग बराच वेळ काही नाही. नंतर माँजींचाच आवाज आला: ‘पी रियो है.’

त्या दिवशी मी सल्ला असा जवळजवळ काही दिलाच नाही. सासू ही या सगळ्यातली सर्वांत मोठी ताकद आहे. तिला बाजूला सारून सुनेशी गुपचूप बोलायचा बेत केलात तर दोन फोनांनंतर तुमचा नंबर ब्लॉक होईल. संबोधनं जपा. सासूला माँजी, सुनेला बेटा. तुम्हाला कोणी मॅडम म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे काकी किंवा मौसी करून घ्या. मॅडमला बायका खरं सांगत नाहीत, ‘सब ठीक है’ सांगतात.

5. ‘दूध कमी आहे’ हा फोन

दहापैकी बहुतेक फोन शेवटी इथेच येतात. खरंच दूध कमी असणाऱ्या आया फार थोड्या. दूध पुरत नाहीसं वाटणाऱ्या मात्र जवळजवळ सगळ्याच. तेव्हा ‘नाही गं, भरपूर आहे’ असं म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं.

मोजायचं काय? शू. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची शू होत असेल तर बाळाच्या पोटात दूध जातंय. पहिल्या एक-दोन दिवसांत शू कमीच असते, तेव्हा घाबरायचं नाही. शी पहिले दिवस काळी-हिरवी चिकट, मग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी आणि पातळसर होते. पिवळी झाली म्हणजे दूध व्यवस्थित उतरलं. दीड महिन्यानंतर काही बाळं तीन-तीन दिवस शी करत नाहीत. अंगावरचं दूध पिणारं बाळ खेळतंय, पितंय, पोट मऊ आहे तर तीही काळजीची बाब नाही.

मोजायला वही लागत नाही. गावात ही युक्ती चालते: सकाळी पलंगाखाली सहा खडे ठेवा, लंगोट बदलला की एक खडा दुसऱ्या वाटीत. संध्याकाळच्या फोनला नुसतं विचारायचं, ‘कितने बचे?’ घरातली मोठी मुलगी हे काम हौसेने करते.

दुसरी खूण वजनाची. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. त्यानंतर महिन्याला किमान अर्धा किलो वाढ हवी. आकडा मातृ-बाल सुरक्षा कार्डावर लिहिलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर कार्डाच्या त्या पानाचा फोटो मागवा, नसेल तर जावेला वाचून दाखवायला सांगा. वजन वाढत नसेल तर ती गोष्ट फोनवर सोडवायची नाही, आशाला आणि डॉक्टरांना दाखवायची.

मग येतो खरा प्रश्न: दिवसातून किती वेळा पाजतेस? आठ ते बारा वेळा व्हायला हवं, रात्रीसकट. मधे एखादी बाटली दिली असेल तर ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही अशा आवाजात विचारा आणि रागावू नका. बाटलीचं गणित मात्र तिला समजावून सांगा. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, दूध कमी होतं, मग बाटली वाढते, आणि पंधरा दिवसांत ‘हिला दूध नाही’ हे खरं ठरतं. परतीची वाटही हीच: बाटलीच्या आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, रात्रीच्या फेऱ्या वाढवायच्या आणि बाटली हळूहळू मागे घ्यायची. या दिवसांत फोन रोज हवा, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी हरते.

संध्याकाळचं रडणं ही वेगळी भानगड आहे. दिवेलागणीला बरीच बाळं किरकिरतात, दर अर्ध्या तासाला छातीला चिकटतात. नेमका नवरा त्याच वेळी कामावरून घरी येतो, त्याला रडणारं बाळ दिसतं आणि तो दुकानातून दूध पावडरीचा डबा घेऊन येतो. म्हणून आठवड्यातला एक फोन त्याच्यासाठी ठेवा. त्याला एकच काम द्या: संध्याकाळी बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचं. सल्ला ऐकायला तयार नसलेला माणूसही काम दिलं की करतो.

उन्हाळ्यात याच प्रश्नाला पाण्याचं रूप येतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की ‘गरमी में बच्चे को पानी तो देना पड़ेगा’ हे प्रत्येक घरात. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, उलट त्या पाण्यातून जुलाब येतात आणि पोटातली दुधाची जागा पाणी घेतं. पाणी आईने प्यायचं. बाळाला उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं.

6. बाळ पकडत कसं आहे हे न बघता ओळखायचं

दुखतंय, चिरा पडल्यात, बाळ तासभर ओढतं तरी भुकेलंच, या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा एकच असतं: बाळ नुसतं बोंड चोखतंय, त्याच्या भोवतीचा काळा भाग तोंडात गेलेला नाही. समोर असतो तर हाताने बसवून दिलं असतं. फोनवर शब्दांनी बसवावं लागतं, म्हणून शब्दांचा क्रम पक्का ठेवा.

आधी आईची पाठ टेकलेली. मग बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. बाळाचं नाक बोंडासमोर. बोंड त्याच्या वरच्या ओठावर घासायचं आणि तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. इथे घाई होते, इथे फोनवर तुम्हीही गप्प बसा. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. मग विचारा: हनुवटी छातीला टेकली? खालचा ओठ बाहेर वळलाय? काळा भाग वर जास्त दिसतो की खाली? वर जास्त दिसला तर बरोबर. गिळल्याचा आवाज येतो? ‘चप चप’ असा आवाज येत असेल किंवा गाल आत जात असतील तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. पहिल्या काही क्षणांपलीकडे दुखायला नको.

व्हिडिओ कॉलचा मोह होतो. कधीकधी उपयोग होतो, पण नियम कडक ठेवा. तिने स्वतः मागितला तर, खोलीत दुसरी बाईच असेल तर, आणि तुमच्याकडेही खोलीत तुम्ही एकट्याच असाल तरच. रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट नाही. स्तनाचा फोटो मागायचा नाही, आणि तिने आपणहून पाठवला तर लगेच पुसून टाकायचा आणि तिच्या फोनमधूनही पुसायला लावायचा, कारण तो फोन उद्या दिराच्या हातात असणार आहे. त्यापेक्षा सोपं म्हणजे तुम्हीच दाखवा. कापडी बाहुली घ्या, मोज्यात कापूस भरून टोकाला दोरा बांधून बोंड करा आणि पकड कशी हवी ते कॅमेऱ्यासमोर दाखवा. असा एक मिनिटाचा व्हिडिओ घरी करून ठेवला तर तो शंभर जणींना पाठवता येतो.

7. आवाजाचे निरोप

लिहिलेले लांब मेसेज कोणी वाचत नाही. चाळीस-पन्नास सेकंदांचा, एकाच गोष्टीवरचा ऑडिओ पाठवा, आणि तो आपल्या इंदुरी हिंदीत बोलण्याऐवजी गावातल्याच एखाद्या अनुभवी आईकडून माळवीत बोलवून घ्या. तिच्या आवाजातलं ‘म्हारे भी असो हुयो थो’ हे आपल्या पाच सल्ल्यांपेक्षा भारी पडतं.

ग्रुप काढायचा की ब्रॉडकास्ट लिस्ट? ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि ते नंबर नवऱ्यांचे असतात. पहिल्या आठवड्यातच गुड मॉर्निंगची फुलं आणि पतसंस्थेच्या जाहिराती सुरू होतात. ब्रॉडकास्ट बरी, फक्त लक्षात ठेवा, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचत नाही. नंबर सेव्ह करून द्यायचा आग्रह यासाठीच होता.

डब्याच्या दुधाची किंवा बाटलीची जाहिरात, सूट, फुकट नमुना यांतलं काही पुढे पाठवायचं नाही. 1992 च्या कायद्याने, जो 2003 मध्ये आणखी कडक झाला, दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या अशा दुधाच्या, बाळअन्नाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीलाच बंदी आहे. शिबिराला प्रायोजक म्हणून अशी कंपनी गोड बोलत आली तर मंडळाच्या अध्यक्षांना हा कायदा दाखवा.

आणि एखादं बाळ दगावलं असं कळलं तर त्याच तासाला तिचं नाव यादीतून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘बाळाचं वजन किती झालं?’ असा ऑडिओ तिच्या फोनवर जाता कामा नये. या एका कामासाठी मंडळात एक बाई नेमलेली असावी.

8. फोन ठेवून गाडी बोलवायची ती वेळ

हा कागद प्रत्येकीने फोनजवळ चिकटवून ठेवावा. बाळ दूध ओढायचंच थांबलं, झटके आले, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, अंग तापलंय किंवा गार पडलंय, हात लावून हलवल्याशिवाय हालत नाही, तळहात-तळपाय पिवळे झालेत, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसते. यांतलं एक जरी ऐकलं तरी पाजण्याविषयी एक शब्द न बोलता 108 लावायला सांगायचं आणि आशाला आपण फोन करायचा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची ने-आण आणि उपचार मोफत आहेत. घरचे खर्चाच्या भीतीने सकाळची वाट बघत असतात, म्हणून हे आठवणीने सांगा.

आईच्या बाबतीत: स्तनात लाल दुखरी गाठ आणि ताप आला तर डॉक्टर हवाच, पण त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही. दूध साचू दिलं की दुखणं वाढतं. स्तन दगडासारखे झाल्यामुळे बाळाला पकडता येत नसेल तर आधी हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करायचा. चिरांवर शेवटचं दूध चोळून हवेवर वाळू द्यायचं आणि पकड सुधारायची. बोंड आत गेलेलं असेल तर एएनएमला दाखवा, ते फोनवर जमत नाही. औषध चालू असताना पाजावं का, याला ‘डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने पाजणं बंद करू नको’ एवढंच उत्तर द्यायचं. भरपूर वाचलेल्या काकूंनी इथे विशेष संयम ठेवावा.

9. शेतावर परत जाताना

लसणाची आणि गव्हाची काढणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन. या दिवसांत दोन-अडीच महिन्यांची बाळं घरी आजीकडे असतात आणि आई पहाटेपासून शेतात. काढणीच्या पंधरा दिवस आधी फोन करून बेत ठरवा. बाळ बरोबर नेता येईल का, बांधावर सावली आहे का, जावेची आणि हिची पाळी लावता येईल का. नसेल तर निघताना पाजायचं आणि मग हाताने दूध काढून उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवायचं. गार जागेत चार तासांच्या आत वापरायचं, भर उन्हाळ्यात त्याहून लवकर. गॅसवर तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. आजीने ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) द्यायचं, बाटली नको. बोंडलं जुन्या घरांत अजून सापडतं. उकळून घेतलं की झालं.

आल्या आल्या आणि रात्री जास्त वेळा पाजलं तर दूध टिकतं. या दिवसांत फोन रात्री आठनंतरच करा आणि दोन मिनिटांत आटपा, ती दमलेली असते.

10. सहा महिने झाल्यावर

सहावा महिना पूर्ण होताना वरचं खाणं सुरू करायचं, अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. शेवटचे दोन फोन यासाठी ठेवा: घट्ट वरणात कुस्करलेली पोळी, मऊ खिचडी, वर तुपाचा थेंब. नुसतं वरणाचं पाणी पाजलं तर पोट भरतं आणि वजन जागेवर राहतं. पुढे आशा दीदीच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात, त्या तिला सांगून ठेवा.

एका बाईने एका वेळी दहा-बारा आयांपेक्षा जास्त घेऊ नयेत. यादी वाढली की आपण विचारायचं सोडून सांगायला लागतो. जिचे सहा महिने संपले तिला शेवटच्या फोनवर विचारा, तुझ्या गल्लीत कोणाचे दिवस भरत आलेत, आणि तिला तू फोन करशील का? ‘मैं क्या बताऊँगी’ असंच पहिलं उत्तर येईल. म्हणावं, तुला चौथ्या रात्री काय झालं होतं ते सांग.